जुन्या साच्यावरचे दात

४ मार्च

उंदरा,

आशीर्वाद आहेतच, ते काही तुझ्या वागण्यावर अवलंबून नाहीत. रागही आहे. तो सध्या बाजूला ठेवते, पण फेकून दिलेला नाही, हे ध्यानात असू दे.

काल तुझ्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या बाई माझ्या कारखान्यात आल्या. मला वाटलं गिऱ्हाईक. म्हटलं, "डॉक्टरांची चिठ्ठी आणा, मी थेट माप घेत नाही." त्या म्हणाल्या, "मी तुमच्या मुलाकडून आले." तीन वर्षांनी तुझं नाव कुणाच्या तरी तोंडून ऐकलं आणि माझ्या हातातलं गरम मेण सांडलं बघ टेबलावर. अजून खरवडतेय.

तू त्या केंद्रात भरती होऊन सत्तर दिवस झाले म्हणे. सत्तर! आणि मला आत्ता कळतंय. तुझ्या अर्जात 'जवळची व्यक्ती' हा रकाना रिकामा होता, आणि 'आईचा व्यवसाय' या रकान्यात तू लिहिलं होतंस, 'दात करते'. तेवढ्यावरून शोधत आल्या बिचाऱ्या. शहरात कवळ्या करणाऱ्या बायका आहेतच किती?

फोनवर बोलणार नाही म्हणालास, भेटणार नाही म्हणालास, पत्र आलं तर घेईन म्हणालास. ठीक आहे. पत्र तर पत्र. बोलताना मला मध्येच तोडायची तुझी सवय होती, इथे ते तरी जमणार नाही.

बाईंनी सगळं सांगितलं. वरचे सगळे दात काढावे लागले, खालचे आठ उरलेत. ते नशेचे खडे ओढले की तोंड कोरडं पडतं, माणूस रात्रंदिवस दात खातो, गोड पेयांवर जगतो आणि घासायचं विसरतो, मग हिरडीपाशीच सडतात. मला सांगत होत्या हे! एकतीस वर्षं मी लोकांची तोंडं प्लास्टरमध्ये बघतेय. पण ऐकून घेतलं. तू आता तोंडावर हात धरून बोलतोस, असंही म्हणाल्या. ते मात्र ऐकवेना.

म्हणून ठरवलंय, वरची कवळी मी करणार. तू काही करू नकोस. तुझा साचा आहे माझ्याकडे. तू एकोणीस वर्षांचा असताना शिकायला बसलास आणि आपण एकमेकांची मापं घेतली, तो. तुला उलटी आली होती आणि माझी साडी खराब केली होतीस, तोच.

आणखी एक. बाई विचारत होत्या, घरी कधी संशय आला नाही का? मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं? मी मान खाली घालून काम करणारी बाई. शेवटी शेवटी तू वेड्यासारखा वागायला लागलास तेव्हाच कळलं. तसंच सांगितलं मी.

आई

१८ मार्च

उंदरा,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. (होती.)

आज तुझ्या साच्यावरचे दात कापले. दात काढायच्या आधीच कवळी तयार हवी असेल तर असंच करतात, तुला शिकवलंय मी. बारीक करवत घ्यायची आणि प्लास्टरचा एकेक दात हिरडीच्या रेषेत कापायचा. मी आयुष्यात हजारो कापले असतील. आज तुझ्या पुढच्या दोन फावड्यांपाशी आले आणि हात चालेना. दुसरीत होतास तेव्हा हे दोन आले, तोंडापेक्षा मोठे, आणि तुझ्या बाबांनी तुला उंदीर म्हणायला सुरुवात केली. ते बरं झालं लवकर गेले. असं मनात येतं कधी कधी, आणि मग स्वतःचीच लाज वाटते.

पाणी प्यायले, रेडिओ लावला आणि कापले.

तुझं स्टूल अजून तिथंच आहे. त्यावर मी प्लास्टरची पिशवी ठेवते, म्हणजे रिकामं दिसत नाही. जेवण उभ्यानंच होतं, ओट्यापाशी. एकटीसाठी ताट वाढून बसायचं म्हणजे नाटक केल्यासारखं वाटतं. शेजारीण विचारत असते, मुलगा कुठे? मी तीन वर्षांपूर्वी सांगून बसले, जहाजावर नोकरीला आहे. आता ती दर वेळी विचारते, सध्या कुठल्या बंदरात? परवा म्हटलं, बंदरात नाही हो, भर समुद्रात आहे, फोन लागत नाही. तिनं नकाशा काढला नाही एवढं नशीब. पण त्यापायी मी जिन्यात तिला टाळते. सगळ्यांनाच टाळते. कुणी दार वाजवलं तर श्वास धरून बसते, ते जाईपर्यंत.

बाई म्हणाल्या, त्याला लिहा मोकळेपणाने. मोकळेपणाने म्हणजे काय लिहू? तू घरातले सगळे स्विच उघडून वायरी बाहेर काढल्यास ते लिहू? मीटरच्या डब्यात बसून कोण तुझं बोलणं ऐकत होतं रे? डब्यात झुरळ मावत नाही धड. तेव्हा हसू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तुझे डोळे बघून माझी दातखीळ बसली होती. कातडीखाली काहीतरी चालतंय म्हणून तू दंड ओरबाडून काढलेस, मी पट्ट्या बांधल्या, तू त्या सोडल्यास. चार चार दिवस डोळ्याला डोळा नाही, आणि मग दोन दिवस मेल्यासारखा झोपायचास. मी नाकापाशी हात धरून बघायची, श्वास आहे का. त्या मुलीनं, जिच्याशी तुझं ठरत होतं, तिनं वाट बघितली वर्षभर. मग तिचं लग्न झालं. मला पत्रिका आली होती. गेले नाही.

आणि तो दिवस. मी तुला 'आज कारखान्यात येऊ नकोस' म्हटलं आणि तू मला ढकललंस. मी पडले नाही हं, टेबलाला टेकले फक्त. मनगट मोडलं ते टेबलामुळे. डॉक्टरांना सांगितलं घसरले. दुसऱ्या दिवशी मी कुलूप बदललं. तू दार वाजवत राहिलास, मी आत उभी होते, आणि उघडलं नाही. चूक केली का मी? सांग ना. तीन वर्षं मी एकटीच विचारतेय आणि एकटीच उत्तर देतेय.

असो. मेणात दात लावायला घेतलेत.

आई

९ एप्रिल

उंदरा,

डबी बाईंकडे दिली आहे. उघडताना जपून.

आधीच सांगते, इतकं चांगलं काम मी गेल्या दहा वर्षांत केलेलं नाही. मला काम देणाऱ्या दातांच्या डॉक्टर स्वतः बघायला आल्या, भिंगातून बघितलं, म्हणाल्या, "हे नवे दात वाटतच नाहीत." डावीकडचा सुळा तुझा जरा पुढे यायचा, आठवतं? तसाच लावलाय. सरळ लावला असता तर कुणाचेही दात दिसले असते. रंग जरासा पिवळट घेतलाय, पांढरे शुभ्र दात जाहिरातीत चांगले.

काही दिवस 'स' नीट येणार नाही. जोरजोरात वाचायचं, काहीही, औषधाच्या बाटलीवरचं वाचलंस तरी चालेल. झोपताना काढून पाण्यात. आणि आता तोंडावरचा हात काढायचा. समजलं?

बाईंनी विचारलं, माप न घेता बसेल का? मी म्हटलं, बाई, मुलगा माझा आहे.

आई

१४ एप्रिल

डबी परत आली. सोबत तुझी चिठ्ठी. तीन वर्षांत तुझी पहिली अक्षरं, आणि काय, तर 'आई, बसत नाहीत. पडतात. तू चिडू नकोस.'

चिडू नकोस म्हणे! चिडू नको तर काय करू, नाचू? बाई म्हणाल्या, तू तीन दिवस लावून बघितलीस. हिरडी सोलवटली, रक्त आलं, तरी काढेनास. का रे? मला बरं वाटावं म्हणून? गाढवा.

मी आज कवळी हातात घेऊन बसले होते दुपारभर. एकतीस वर्षं. पहिल्या दिवशी शिकायला आलेल्या पोरीला मी काय सांगते? जुन्या साच्यावर काम करायचं नाही. दात गेले की हाड खचतं, हिरडी बसते, तोंड रोज बदलत असतं. सहा महिन्यांपूर्वीचं माप कुणी दिलं तर मी परत पाठवते, वर चार शब्द सुनावते. आणि मी नऊ वर्षांपूर्वीच्या साच्यावर तुझी कवळी केली! घाईत नाही, नजरचुकीनं नाही. पाच आठवडे बसून, भिंग लावून.

त्या एकोणीस वर्षांच्या पोराला बसले असते ते दात. अगदी चपखल बसले असते. तो कारखान्यात शीळ घालत यायचा, तो. मला त्याच्याचसाठी करायचे होते. जो मुलगा केंद्रात बसलाय त्याचं तोंड कसं आहे ते मला बघायचंच नव्हतं, खरं सांगते. बघितलं असतं तर पुढचं सगळं बघावं लागलं असतं.

आता एवढं लिहिलंच आहे तर तेही लिहिते. आधी चहा घेते.

घेतला.

मला ठाऊक होतं. शेवटी नाही, सुरुवातीला. त्या वर्षी दोन डॉक्टरांचं काम एकदम आलं आणि आपल्या नाकी नऊ आले. मग एका आठवड्यात तू दोन दिवसांत अकरा जोड्या उतरवल्यास. अकरा! माझ्या उमेदीच्या काळात मी चार केल्या असत्या. बारीक काम, एकही परत आली नाही. मी सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या पोराचा हात बघा, यंत्र आहे यंत्र. तुझ्या डोळ्यांतली बाहुली ताटलीएवढी झालेली मला दिसत होती. पुढ्यात ठेवलेलं जेवण तसंच परत जात होतं. जबडा सारखा हलत होता, आणि जबडा हलताना मला दिसणार नाही? मला? मी कानाडोळा केला. तिसऱ्या डॉक्टरांचं कामही घेतलं.

आणि एका दुपारी तू खाली दुकानात गेला होतास, मी मेणाचा चाकू शोधत होते. चौथ्या खणात, मेणाच्या पट्ट्यांखाली, कागदाची पुडी. उघडली. काचेच्या चुऱ्यासारखे खडे. मी अडाणी असेन, इतकी नाही. दोन मिनिटं हातात धरून उभी राहिले. उद्या सकाळी सात जोड्या जायच्या होत्या.

मी पुडी बांधली आणि होती तिथे परत ठेवली. तू वर आलास. मी म्हटलं, "संध्याकाळपर्यंत होतील ना रे?" तू म्हणालास, "होतील."

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बाईंना खोटं सांगितलं, तुला पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. कुलूप बदलल्याचं मी तीन वर्षं उगाळत बसले, कारण ते सोपं होतं. त्याबद्दल लोकांनी मला नावं ठेवली तरी चाललं असतं. त्या पुडीबद्दल मीच मला काय म्हणू?

आता तुला हवं तर पत्रं घेणं बंद कर. पण कवळीसाठी तुझं माप लागेल. आजचं. त्याला दुसरा उपाय नाही. डॉक्टरांची खुर्ची गुरुवारी दोन वाजता रिकामी असते. माप घेणं खरं त्यांचं काम, पण त्या म्हणाल्या, मी शेजारी उभी राहते, तुम्हीच घ्या. ये. शिव्या द्यायला ये हवं तर. पण ये.

आई

७ मे

तीन गुरुवार झाले.

बाईंना विचारलं, पत्र मिळालं का त्याला? म्हणाल्या, मिळालं, वाचलं, घडी घालून उशाखाली ठेवलं, आणि दोन दिवस बोलला नाही कुणाशी. मी घाबरले. म्हटलं, माझ्यामुळे परत ओढायला लागला तर? त्या म्हणाल्या, त्याला तशी ओढ रोजच लागते, पत्र येवो न येवो. या व्यसनावर बदली गोळी नसते म्हणे. झोप, जेवण, बोलणं आणि वेळ. कशानंच आनंद वाटेनासा होतो, मेंदूला पुन्हा आनंद वाटायला वर्ष वर्ष जातं. तू खिडकीशी बसून असतोस, छातीत धडधडतं म्हणून जिना सावकाश चढतोस. अठ्ठावीस वर्षांचा माझा मुलगा जिना सावकाश चढतो.

मी दर गुरुवारी दोनला जाऊन बसते. डॉक्टर काही विचारत नाहीत, मासिक पुढे सरकवतात. तीन वाजता उठते. घरी यायला पाऊल उचलत नाही. एकटेपणाची मला सवय झालीय असं वाटायचं, पण ती सवय कुणाचीच वाट बघत नव्हते तेव्हाची होती. आता फार जड जातं.

शेजारणीला सांगून टाकलं, जहाज वगैरे काही नाही. मुलगा व्यसनमुक्ती केंद्रात आहे. ती म्हणाली, "मला वाटलंच, तीन वर्षांत एकदाही किनाऱ्याला लागलं नाही." आम्ही दोघी हसलो. मग मी तिच्या जिन्यात बसून रडले. तिनं दार लावलं नाही, आत गेली नाही, पायरीवर बसून राहिली. एवढंच सांगायचं होतं.

पुढच्या गुरुवारी परत आहेच मी.

आई

२९ मे

उंदरा,

काल तू आलास.

बोलणं झालं नाही म्हणावं तर झालं, आणि झालं म्हणावं तर माझ्याकडून काही झालं नाही, म्हणून लिहिते.

मी तुला आधी ओळखलं नाही, हे तुला कळलं का? दारात बाईंबरोबर कुणीतरी वयस्क माणूस उभा आहे असं वाटलं. गाल आत गेलेले, सदरा खुंटीला टांगल्यासारखा. मग तू पायपुसण्यावर बूट दोनदा घासलेस, आणि मी ओळखलं.

तू खुर्चीत बसलास. डॉक्टर शेजारी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "हात काढ तोंडावरचा." तू काढलास. मी बघितलं. बघितलं सगळं, नीट, उजेडात. उजवीकडे हाड पार खचलंय, पुढे धार आलीय, टाळूवर जुना भाजल्याचा डाग आहे. हा जबडा मी याआधी कधी पाहिला नव्हता. मापाचा लगदा भरलेला साचा वर दाबून धरला, तीन मिनिटं. तुला उमासा आला, मी म्हटलं, "नाकानं श्वास घे, पायाची बोटं हलव." एकोणीस वर्षांचा होतास तेव्हाही हेच सांगितलं होतं, पण तेव्हा तू हसत होतास. काल तू माझं मनगट धरलंस. तेच, मोडलेलं. धरून ठेवलंस, दाबलं नाहीस. तीन मिनिटं आपण दोघं तसेच. तुला बोलता येत नव्हतं आणि मला येत होतं तरी मी बोलले नाही.

मग तू चूळ भरलीस, डॉक्टर बाहेर गेल्या, आणि तू बेसिनकडे बघत म्हणालास, "चौथ्या खणातलं मला माहीत होतं."

मी म्हटलं, "काय?"

"तू घडी उलटी घातली होतीस. मी त्याच दिवशी ओळखलं, आईनं उघडली."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून. महिनाभर जागा बदलली नाही मी. मुद्दाम तिथंच ठेवायचो. रोज वाटायचं, आज ती विचारेल. विचारलं असतंस तर सांगितलं असतं सगळं. तेव्हा अजून सांगता आलं असतं."

"आणि मग?"

तू नळ बंद केलास. "मग तू विचारत नाहीस तेच बरं वाटायला लागलं."

दात नसल्यानं तुझे शब्द फुसफुसत होते, पण एकही शब्द मला परत विचारावा लागला नाही. बाईंनी दार वाजवलं, गाडी थांबली होती. तू उठलास, म्हणालास, "कवळी केव्हा होईल?" मी म्हटलं, "तीन आठवडे." तू गेलास. गळ्यात पडलो नाही आपण, तसं काही झालं नाही. मी खुर्ची पुसली आणि कारखान्यात आले.

नवा साचा ओतलाय. दिसायला काही बरा नाही, पण तुझा आहे. कवळी यावर बसेल. मात्र कायमची नाही हं, तोंड अजून बदलेल, सहा महिन्यांनी परत माप घ्यावं लागेल, मग वर्षानं परत. दर वेळी यावं लागेल. मधल्या काळात तू घसरलास तरी ये, तसाच ये. माझ्यापासून लपवायचं नाही, मी आता बघू शकते.

तू महिनाभर वाट बघत होतास ते वाक्य काही मोठं नव्हतं रे. जिभेवर होतं माझ्या. त्या दुपारी तू दुकानातून वर आलास, मी पुडी हातात धरून उभी असायला हवी होते, आणि म्हणायला हवं होतं. फार उशीर झालाय, तरी म्हणते.

हे काय आहे रे, बाळा? राहू दे तो मेणाचा चाकू. नाही गेल्या सात जोड्या उद्या तर नाही गेल्या. इकडे ये, बस माझ्यापाशी. माझ्याकडे बघ.

आई